चाचांचा अर्धा डाव

गाडीची किल्ली फिरवायच्या आधी चाचा फोन उलटा करून डॅशबोर्डावर ठेवायचे. पडदा खाली, पाठ वर. मग झोपलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा आपला तळहात त्यावर एकदा टेकवायचे आणि म्हणायचे, "राहू दे अर्धा." एवढं झालं की गाडी सुरू. मागे पेशंट कण्हत असो, नातेवाईक दार आपटत असोत, डॉक्टर खिडकीतून ओरडत असोत, हे केल्याशिवाय चाचांची ॲम्ब्युलन्स कधी हलली नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा ड्रायव्हर असेल. लिंबू-मिरची बांधणारा, स्टेअरिंगच्या पाया पडणारा, बोनेटवर पाणी शिंपडणारा. चाचांचं आणि त्यांच्या अल्लाचं काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडीपुरता त्यांचा भरवसा पत्त्यांवर होता.

मी तेव्हा पांढरकवड्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया होते. सातवीत शाळा सुटली, लवकर लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर या गावात खोली करून राहिले. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, बाटल्या धुवायच्या, ज्याचं कोणी नाही त्याच्या उशाशी बसायचं. दवाखान्याच्या फाटकाशी एक लिंब होता. त्याच्या सावलीत पांढरी गाडी उभी असायची. तिचं ड्रायव्हरकडचं दार उघडं, त्यातून एक पाय बाहेर लोंबकळतोय, असं दिसलं की समजायचं, चाचा जाग्यावर आहेत. उजव्या पायात चप्पल कधी नसायची. ती पेडलच्या बाजूला काढून ठेवलेली. ब्रेक पायाला कळला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हतं. डॉक्टरसाहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे ते चाचा. मेंदी लावलेली दाढी, खाकी शर्ट, आणि उजव्या हाताची दोन बोटं वाकायची नाहीत. ती दोन बोटं कायम समोर कुठेतरी दाखवत असल्यासारखी सरळ राहायची. त्यामुळे ते खेळायचे डाव्या हाताच्या अंगठ्याने.

खेळ कोणता, ते सांगते. तुमच्या फोनातही असेल. चाचांचा फोन त्यांच्या मुलाने वापरून दिलेला होता. मुलगा नागपूरला एका गॅरेजमध्ये होता. त्या फोनात हा खेळ आधीपासूनच होता. उघडला की निळा समुद्र, पिवळी वाळू, वाकलेली नारळाची झाडं, आणि त्या वाळूवर मांडलेल्या पत्त्यांच्या रांगा. एकट्याने खेळायचा. काळ्यावर लाल, लालवर काळा, मोठ्यावर लहान, असे पत्ते लावत जायचे आणि खाली दबलेले एकेक उघडत जायचे. कोणाशी शर्यत नाही, वेळेचं बंधन नाही. मागे लाटांचा बारीक आवाज. डाव जमला की टुणटुण संगीत वाजायचं आणि बेटावर काहीतरी नवीन उगवायचं, कधी झोपडी, कधी झोका, कधी पोपट. आणि तुम्ही फार वेळ हात लावला नाही, तर एक पत्ता आपल्याआपण थरथरू लागायचा. मला हलवा, असं सांगायला. चाचा त्याला दटावायचे, "घाई कायले बाप्पा?"

आमची सिस्टर उमरखेडकडची, तोंडाने तिखट. येता-जाता विचारायची, "काहून चाचा, झालं का गोवा?"

"गोवा नाही, बेट आहे," चाचा म्हणायचे. "गोव्यात माणसं असतात."

समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. जवानीभर ट्रक चालवला, पण नागपूर ते हैदराबाद, हैदराबाद ते नागपूर. मी एकदा विचारलं की हैदराबादच्या पुढे कधी जावंसं वाटलं नाही का. तर म्हणाले, माल तिथंच उतरायचा. समुद्रावर कोणाला माल पाहिजे असता तर गेलो असतो.

आता अर्ध्या डावाचं.

कॉल आला की चाचा खेळ होता तिथे सोडून द्यायचे. पुरा डाव करून ते कधी निघत नसत. एखादा डाव जमायला आला आणि तेवढ्यात फोन वाजण्याची शक्यता वाटली, तर ते हातच आखडून बसायचे, समोर पत्ता थरथरत असला तरी. कॉल येईल त्या वेळी फोनात डाव अर्धा पाहिजे, हा नियम. परत आल्यावर पेशंट उतरवायचा, गाडी पुसायची, हातपाय धुवायचे, मग लिंबाखाली बसून तो डाव पुरा करायचा आणि लगेच दुसरा मांडायचा.

एकदा कंपाउंडरने गंमत केली. चाचा हात धुवायला गेले होते आणि फोन सीटवर. कंपाउंडरने उचलला आणि डाव संपवून टाकला. तेवढ्यात मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस यवतमाळला न्यायचा होता. हात मोडलेला. स्ट्रेचर गाडीत गेलं, चाचा आले, फोन हातात घेतला, बेटावर नवा पोपट पाहिला आणि खाली उतरले.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "चाचा, निघा."

"निघतो साहेब. यानं माझा डाव पुरा केला. दुसरा मांडू द्या."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तोच गाडीतून त्या पेशंटचाच आवाज आला. "मांडू द्या साहेब त्याले. मले घाई नाही." आम्ही सगळे हसलो, साहेबसुद्धा. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी उभ्या उभ्या नवा डाव मांडला, चार पत्ते हलवले, फोन उलटा ठेवला, हात टेकवला आणि गेले. कंपाउंडरशी पुढे कितीतरी दिवस ते बोलत नव्हते.

ही खोड कुठून आली, ते त्यांनी मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. हायवेवर एक ढाबा होता. तिथे ट्रकवाले ताडपत्रीवर बसून रमी खेळायचे. मधेच कोणाचा माल भरून झाला की त्याला उठावं लागे. मग डाव मोडत नसत. ज्याचे त्याचे पत्ते कागदात गुंडाळून ढाबेवाला बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. माणसं फिरून आली की डबा काढायचा, ज्याचे त्याला द्यायचे, आणि डाव तिथून पुढे.

मी विचारलं, "मधल्या मधी कोणी चोरून पाहात नव्हतं का?"

"पाहिलं तर परत कायले येईन माणूस?" चाचा म्हणाले. "डाव अडकून आहे म्हणून तर यायचा."

मग डब्यातली पोळी मोडता मोडता म्हणाले, एक बारी जोडीदार हट्टाला पेटला. पुरा करूनच निघू म्हणाला. पुरा केला. जिंकला बी तोच. एवढं बोलून त्यांनी पाणी प्यायलं आणि दुसराच विषय काढला. त्यांची ती दोन सरळ बोटं पाण्याच्या ग्लासाबाहेर तशीच उभी होती. मी पुढचं विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

मी मुळात काळजीखोर बाई. माझ्या मनात कायम काहीतरी वळवळत असते. पण त्या वर्षी तर सगळा जिल्हाच काळजीत होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी हटत नव्हती, म्हणून लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. मारणारा माणूस त्या उंच झाडांमधून पाठीवर पंप घेऊन चालायचा आणि फवारा त्याच्याच तोंडावर उतरायचा. आमच्याकडे अशी माणसं येऊ लागली. घामाने भिजलेली, तोंडाला फेस, डोळ्यांना दिसत नाही. माझं काम त्यांचे कपडे काढून साबणाने अंग धुणं. साहेब पहिली सुई द्यायचे आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचे. लिंबाखाली गाडी दिसेनाशी झाली. डाव अर्धे पडायचे, ते अर्धेच राहायचे.

आणि माझा नवरा, गजानन, रोजाने फवारणीला जात होता. दुसरं काम नव्हतं असं नाही, पण फवारणीचा रोज जास्त होता आणि सगळे जात होते. मी भांडून पाहिलं, तोंडाला रुमाल बांधून दिला. तो म्हणायचा, तू दवाखान्यात राहून राहून भित्री झाली.

कॉल आला की मी हातातलं टाकून फाटकाशी जायची आणि चाचांना विचारायची, कोणतं गाव? ते गाव सांगायचे. गजानन त्या बाजूला गेलेला असला की गाडी परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. फरशी पुसलेलीच पुन्हा पुसायची. हे चाचांच्या ध्यानात आलं. कधी आलं, कळलं नाही. पण मग ते गाडी फाटकातून आत घेतानाच खिडकीतून उजवा हात बाहेर काढून हलवायला लागले. ती दोन सरळ बोटं इकडून तिकडे. म्हणजे, तुझा नाही. मागे कोणाचा तरी नवरा असायचाच. तरी त्या बोटांकडे पाहून मला जे वाटायचं, ते लिहायची लाज वाटते. पण चाचांचे उपकार मी तिथूनच मोजते.

एका दुपारी गाडी आत आली आणि हात बाहेर आला नाही.

चाचा उतरले, माझ्याकडे न पाहता मागचं दार उघडलं. मी गजाननला त्याच्या शर्टावरून ओळखलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांना जसं धुतलं होतं तसंच त्याला धुतलं. कानामागे, बोटांच्या बेचक्यात. सिस्टर म्हणाली, मी करते, तू सरक. मी सरकले नाही. तो मला ओळखत नव्हता. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. साहेबांनी सुई दिली, सलाईन लावलं आणि यवतमाळ म्हणाले.

मागे कंपाउंडर बसला. मलाही मागेच बसायचं होतं, पण माझे हात इतके कापत होते की सलाईनची नळी ओढली गेली असती. चाचांनी मला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं. मग त्यांनी रोजच्यासारखा फोन उचलला. उलटा ठेवायला हात खाली आणला, माझ्याकडे पाहिलं, आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

"हे धर. मागं पाहू नको. काळ्यावर लाल. मी रस्ता पाहतो, तू समुद्र पाह्य."

आपला फोन त्यांनी आजवर आपण होऊन कोणाच्या हातात दिला नव्हता. मी सांगितलं, मला नाही येत. ते म्हणाले, पाहत जाय फक्त. आणि गाडी सुरू केली.

वाटेतलं मोहदा गाव येईपर्यंत मी नुसती पाहत होते. लाटा येत होत्या, जात होत्या. मागून गजाननचा आवाज आला की मान वळायची आणि चाचा म्हणायचे, "समुद्र." मग एक पत्ता थरथरू लागला. त्याला दाबलं, तो आपल्या जागी गेला. दुसरा थरथरला. बरं वाटत होतं असं म्हणणार नाही. पण बोटांना काहीतरी मिळालं. मी एकेक हलवत गेले. मी काय करते आहे हे मला कळत नव्हतं, हे तुम्ही समजून घ्याल. एक पत्ता उलटा राहिला होता, तो उघडला.

आणि फोनने पुढचं आपल्याआपणच केलं. सगळे पत्ते उघडे झाले की हा खेळ तुमची वाट पाहत नाही. सारे पत्ते फडफड उडून आपापल्या जागी जाऊन बसले, टुणटुण संगीत वाजू लागलं, आणि नारळाच्या झाडाखाली एक लाल छत्री उघडली.

मी दोन्ही हातांनी फोन दाबून धरला. संगीत बंद होईना. मधल्या काचेतून कंपाउंडरचा चेहरा दिसला. त्यालाही ते संगीत ओळखीचं होतं. जोडमोह्याच्या अलीकडचं जंगल सुरू झालं होतं, आणि मला कळलं की गाडीचा वेग उतरतो आहे. चाचांचा उघडा पाय पेडलवरून उचलला गेला होता. त्यांच्या मनात काय चाललं होतं मला माहीत आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. ते म्हणत असतील, थांबून नवा मांडावा. आणि मागे गजानन होता, ज्याच्याकडे थांबायला वेळ नव्हता.

"पुरा झाला, चाचा," मी म्हणाले.

"ऐकलं म्या."

थोडा रस्ता गेला. मग तो पाय पुन्हा पेडलवर टेकला आणि गाडीने उसळी घेतली.

"नवा लाव," ते म्हणाले. "मी गाडी थांबवत नाही. तू चालत्या गाडीत नवा लाव, अन् अर्धा ठेव."

"मले नाही जमणार."

"काळ्यावर लाल, बेटा. तेवढंच तर आहे."

मी नवा डाव मांडला. डोळ्यांत पाणी, समोर बदाम की चौकट समजेना, नुसता लाल-काळा रंग पाहून लावत गेले. लाल आठ काळ्या नवावर. काळी राणी लाल राजावर. थोडं जमलं तसं चाचांनी माझ्याकडे न बघता विचारलं, झाला अर्धा? मी हो म्हणाले. "मग ठेव." मी फोन उलटा करून डॅशबोर्डावर ठेवला, आणि खड्ड्यांत तो घसरू नये म्हणून यवतमाळ येईपर्यंत त्यावर हात दाबून बसले.

गजानन त्या वॉर्डात बरेच दिवस होता. शेजारच्या खाटा रिकाम्या व्हायच्या, भरायच्या. रिकाम्या कशा होत होत्या, ते मी पाहिलं नाही असं स्वतःला सांगत असे. चाचा दुसरे पेशंट घेऊन आले की वॉर्डाच्या दारातून डोकावायचे. चाचींनी दिलेला डबा माझ्या हातात ठेवायचे आणि हळूच विचारायचे, "आहे ना?" मी म्हणायचे, आहे. मग मी विचारायचे, "अन् डाव?"

"आहे. हात नाही लावला."

मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतात. एवढ्या दिवसांत हा माणूस पत्ते न खेळता कसा राहील?

गजाननला सोडलं त्या दिवशी चाचा एक पेशंट सोडून रिकामेच परत चालले होते, त्यांनी आम्हाला गाडीत घेतलं. गजानन डोळ्यांवर टॉवेल धरून बसला होता. उजेड सोसत नव्हता त्याला. चाचा वाटेत त्याची मस्करी करत होते. म्हणाले, जवाईबापू, सासुरवाडीच्या गाडीतून जाऊन राह्यले तुम्ही, दोन्ही खेपा आडवे-उभे, भाडं काही दिलं नाही. दवाखान्याशी आल्यावर त्यांनी गाडी लिंबाखाली लावली, हातपाय धुतले आणि फोन माझ्यापुढे धरला. समुद्र, वाळू, आणि माझा तो रडत रडत लावलेला डाव, जसाच्या तसा.

सिस्टर दारातूनच बोलली. "खेळ बाई लवकर अन् मोकळं कर यांना. इतक्या दिवसांत गाडी धुऊन धुऊन रंग काढला यांनी. लिंबाच्या काड्या मोडून ढीग घातला. माझ्या औषधांच्या पेट्या लावून दिल्या, त्या बी उलट्या. कोणी बोललं की अंगावर येतात."

चाचा म्हणाले, खोटं बोलते ती. पण त्यांच्या बसण्याच्या जागेभोवती काड्यांचे तुकडे पडलेले मी पाहिले.

मी डाव खेळायला घेतला. गजाननने टॉवेलच्या आडून विचारलं, काय चाललं आहे? चाचा त्याला सांगायला लागले. आता किलवरचा गुलाम गेला, आता चौकटचा दहा आला. आणि थोड्याच वेळात डाव अडला. कुठलाच पत्ता कुठेच लागेना. इतके दिवस राखलेला डाव, आणि तो जमणाराच नव्हता. मी चाचांकडे पाहिलं. मला भीती वाटली.

चाचांनी फोन घेतला, फिरवून फिरवून पाहिलं. "अडला खरा," म्हणाले. "अडू दे. आली ना तू."

"कोण जिंकलं?" गजाननने विचारलं.

"समुद्र," चाचा म्हणाले आणि अंगठ्याने नवा डाव मांडला. सिस्टर औषधांच्या पेट्या सुलट्या करायला आत गेली.

गजाननचे डोळे पूर्ण सुधारले नाहीत. उन्हात शेतावर उभं राहणं त्याला जमेना. माझ्या मावसभावाने कोकणात रस्त्याच्या कामावर असताना एका वाडीची ओळख काढली होती. नारळ-सुपारीची सावली, पाहुण्यांसाठी चार खोल्या, राखणीला नवरा-बायको पाहिजेत. आम्ही निघालो. गाव सुटताना सगळ्यांना जे वाटतं ते मलाही वाटलं, त्याबद्दल काय लिहायचं. चाचांनी आम्हाला बसस्टँडवर ॲम्ब्युलन्समधून सोडलं. विचारत होते, सायरन वाजवू का? लोकं जागा देतील.

आदल्या दिवशीच त्यांनी तो खेळ माझ्या फोनात घालून दिला होता. बस लागली तसा त्यांनी माझा फोन मागून घेतला. बाकड्यावर बसून डाव्या अंगठ्याने नवा डाव मांडला, सावकाश. कंडक्टर घंटी मारत होता. चाचांनी निम्मे पत्ते लावले, फोन उलटा केला आणि माझ्या तळहातावर ठेवून त्यावर आपला हात टेकवला.

"बाकीचा मी तिकडं येऊन करतो. खऱ्या समुद्रापाशी बसून. तू हात लावू नको."

मी गुहागरच्या बाजूला आले ती अशी, हातात दुसऱ्याचा डाव घेऊन.

इथे मला सुरुवातीला समुद्राचा आवाज सोसत नव्हता. थांबतच नाही तो. फोनातल्या लाटा बंद तरी करता येत होत्या. चाचांशी फोनवर बोलणं व्हायचं. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, पाणी खरंच निळं आहे काय? मी सांगितलं, चाचा, पावसाळा आहे, पाणी मातकट आहे, वाळू काळी आहे, आणि मासळीचा वास सुटतो. पोपट नाहीत, कावळे आहेत. त्यांनी पोपटांचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे खेळ करणाऱ्यानं समुद्र पाहिलाच नाही वाटते." आणि खूप हसले.

येतो येतो म्हणत होते. आधी साहेबांना दुसरा ड्रायव्हर मिळेना. मग चाचींचे गुडघे. मग पुढच्या उन्हाळ्यात नक्की. मी एक खोली त्यांच्यासाठी मनात ठरवून ठेवली होती, खिडकीतून पाणी दिसणारी. पाहुणे नसले की मी ती उगाच झाडून घ्यायची.

उन्हाळ्याच्या आधीच सिस्टरचा फोन आला. चाचा गेले. आजार थोडक्यातला होता. गाडीत नाही, घरी, आपल्या खाटेवर. ती रडत होती. उमरखेडची तिखट बाई, लहान पोरीसारखी रडत होती. मी तिला एकच गोष्ट विचारली. त्यांच्या फोनात डाव कसा होता, अर्धा की पुरा? तिला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलं. म्हणाली, फोन बंद होऊन पडला होता, मुलाने नागपूरला नेला. मला काय माहीत?

मलाही माहीत नाही. तेवढं मला अजून कळलेलं नाही, आणि ते एवढंसं न कळणं मला काम करता करता मधेच थांबवते. हातात झाडू तसाच राहतो.

माझा तो फोन आता जुना झाला. काचेला तडा गेला, बॅटरी फुगली. बोलण्यासाठी दुसरा आहे. हा स्वयंपाकघराच्या फळीवर असतो, चार्जिंगची वायर लावलेला. गजानन बाजाराला गेला आणि त्याला उशीर झाला, आभाळ भरून आलं, गावाकडून अवेळी फोन आला, की मी फळीपाशी जाते आणि तो उघडून पाहते. निळा समुद्र, पिवळी वाळू, आणि चाचांनी बसस्टँडवर मांडलेला डाव. पुढची चाल मला स्पष्ट दिसते. लाल सात काळ्या आठावर जातो. त्याच्या खाली एक पत्ता दबलेला आहे, तो उघडेल. कुठला असेल, मी कितीदा विचार केला आहे.

आजही पाहिलं. गजानन सुपारीची पोती घेऊन गेला होता, एसटी चुकली असणार. मी फोन हातात धरून उभी राहिले. खिडकीबाहेर भरती आली होती. थोड्या वेळाने तो लाल सात थरथरू लागला.

"घाई कायले बाप्पा," मी त्याला म्हणाले, आणि फोन उलटा ठेवला. हात त्यावर राहू दिला, फाटक वाजेपर्यंत.